दादाचा नॉन-रिटर्नेबल माल

माझा दादा पूर्ण जळला नाही.

त्याच्या लिव्हरचा मोठा तुकडा माझ्या पोटात आहे.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

दहावीत माझे डोळे पिवळे झाले. खाज इतकी, की हातात मोजे घालून झोपायचो. पित्ताच्या नळ्या आतून बंद होत होत्या. शाळा तिथेच सुटली.

पुढे लिव्हरचे डॉक्टर म्हणाले, "घरातल्या कुणाला तरी लिव्हरचा भाग द्यावा लागेल."

बाबा नव्हते. आईला शुगर. उरला दादा.

तो फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होता. गेटबाहेर जाणाऱ्या मालाचे पास बनवायचा. माल परत येणार असेल तर रिटर्नेबल, नाहीतर नॉन-रिटर्नेबल.

ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून म्हणाला, "टेन्शन मत ले यार. नॉन-रिटर्नेबल पास बनवलाय."

नंतर रोज ड्यूटीवरून आला की फॅक्टरीच्या क्वार्टरच्या जिन्यातूनच ओरडायचा, "क्यों भई, मेरा माल ठीक है ना? गोळी घेतलीस?"

ती गोळी चुकली, तर माझं शरीर दादाचं लिव्हर परकं समजून त्याच्यावर उठेल.

मग ड्यूटीवरच दादाला हार्ट अटॅक आला.

डॉक्टर म्हणाले, लिव्हर देण्याशी संबंध नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

शेजारच्या आंटी आईला म्हणाल्या, "आधा शरीर तो बेचारा पहले ही दे चुका था।"

तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

क्वार्टर सोडावं लागलं. आता कोलार रोडला भाड्याने राहतो.

आज श्राद्धाला मी बसलो. ठरवलं, विधी होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. दादासाठी एवढं तरी करावं.

गुरुजींना उशीर झाला. गोळीची वेळ टळली. मी जागचा उठलो नाही.

विधी सुरू असतानाच आई स्वयंपाकघरातून आली.

"गोळी?"

"हे झाल्यावर घेतो."

"हे कुणासाठी चाललंय?"

"दादासाठी."

"अरे, त्याचं जे उरलंय ते तुझ्यात आहे. तेही घालवतोस?"

गुरुजी थांबले. आईने गोळी दिली, पाण्याचा ग्लास दिला.

मी घोट घेतला, तेव्हा तिने पिठाचा हात माझ्या उघड्या पोटावर ठेवला. उजवीकडे, टाक्यांच्या खुणेवर. वर्षात पहिल्यांदा.

बराच वेळ काढला नाही.

दादा, आज उशीर झाला. माफ कर.

गोळी घेतली. माल ठीक आहे.

तुला नमस्कार.