निपाणीतल्या कंबरा

कंबरदुखीवर पीएच.डी. करतेय असं सांगितलं की समोरचा माणूस आधी स्वतःच्या कंबरेला हात लावतो आणि कुठं दुखतं ते सांगायला लागतो. बेळगावच्या खडेबाजारात एका दुकानदारानं तर साड्या तशाच टाकून मला पाठ फिरवून दाखवली. त्यामुळं किस्से आपोआप साठतात. प्रबंधात त्यांना जागा नसते, म्हणून ते असे गप्पांत निघतात. काही तर असे आहेत, की आठवले तरी मी अजून हबकते.

मी फिजिओथेरपिस्ट. गाव खानापूर तालुक्यात, नोकरी बेळगावात. निपाणीतल्या विड्या वळणाऱ्या बायकांची कंबर का दुखते आणि कशानं थांबते, हा आमचा विषय. सर माझे गाइड, मणक्याचे मोठे डॉक्टर.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. किती दुखतं त्याला आकडा द्यायचा. शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. एका घरात सून म्हणाली, शून्य. मांडीवर विड्यांचं सूप, चेहरा कळवळलेला, आणि शून्य! परत विचारलं, परत शून्य. शेजारी सासू बसलेली. ती पाणी आणायला उठली तशी सून पुटपुटली, "आठ करा, ताई." मी खोडते न खोडते तोवर सासू तांब्या घेऊन हजर. सून लगेच म्हणाली, शून्यच राहू द्या.

मग सासूला विचारलं. खाटेवर सासरे पडलेले होते, त्यामुळं तिचंही शून्य. मी निघाले तर ही सासू गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मागं आली.

"माझं दहा लिवा. पन घरात सांगू नगा."

मी तिथंच उभी राहिले. या दोघी एकाच खोलीत बसून दिवसभर विड्या वळतात, आणि एकीचं दुखणं दुसरीला माहीत नाही.

*

आमची प्रश्नावली परदेशातली, मराठीत आणलेली. त्यात एक प्रश्न होता, तुमच्या आवडत्या खुर्चीत तुम्ही किती वेळ बसू शकता?

हा प्रश्न मी शेवंताक्काला विचारला. गल्लीतल्या सगळ्या बायकांना अंगणवाडीच्या खोलीत गोळा करून आणणारी तीच. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"खुर्चीत पावनं बसत्यात, ताई. आमी बसलो तर सूप कुठं ठेवायचं?"

सरांना फोन केला. मग प्रश्न बदलला, सूप मांडीवर घेऊन किती वेळ बसता? शेवंताक्का म्हणाली, बसायचं काही नाही, उठायला येत नाही. आणि ती उठली ती भिंत धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, डोळे मिटून. मला बघवेना.

*

बायकांचे दोन गट करायचे होते. एकाला व्यायाम आणि कंबरेचा पट्टा लगेच, दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर. कोण कुठं ते चिठ्ठी ठरवणार. शेवंताक्काची चिठ्ठी निघाली थांबणाऱ्या गटाची! सगळ्यांना हिनं आणलं आणि हीच मागं राहिली.

मी सरांना लई गळ घातली. सर ऐकेनात. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. आणि तोवर त्या गटात कुणी तेल, गोळी, पट्टा काहीही केलं तर अभ्यास बाद, आणि माझी पीएच.डी.ही गेली. हे सगळं मी शेवंताक्काला तसंच्या तसं सांगितलं.

"शब्द दिलाय न्हवं? थांबतो की," ती म्हणाली.

*

इकडं पट्टे वाटले त्याची तऱ्हा ऐका. एका बाईच्या कंबरेला पट्टा दिसेना. विचारलं तर म्हणाली, आहे की, येईल आता. तेवढ्यात नवरा मोटरसायकलवरून आला. शर्टावरून पट्टा करकचून आवळलेला, कोल्हापूरला निघालेला. मी म्हटलं, तुमची कंबर दुखते का?

"न्हाय ओ. पट्टा बांधला की गाडीवर जरा वजन पडतंय."

मी आ वासून बघत राहिले. बायको दारातून त्याच्याकडं कौतुकानं बघत होती, त्याचा मला जास्त धक्का बसला.

*

एकदा आई कुणाच्या बारशाला निपाणीत आली आणि जाता जाता अंगणवाडीत टेकली. मी आत एकीला तपासत होते. बाहेर आले तर सगळ्या बायका माझ्या पायांकडं बघतायत!

आईनं सांगून टाकलं होतं. मी पायाळू, जन्मताना माझे आधी पाय आले. आमच्याकडं कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीवर लावून घेतात, उसण जाते म्हणतात. लहानपणी मी गावातल्या किती पाठींवर पाय ठेवले असतील कोण जाणे. बेळगावात आल्यापासून मात्र अवाक्षर काढलं नव्हतं. एक बाई चिडलीच माझ्यावर.

"पायात औषध घिऊन फिरतीस, आनि आमास्नी व्यायाम करायला लावतीस व्हय गं?"

आई निवांत चहा पीत होती.

*

दुसऱ्या दिवशी शेवंताक्का एकटीच आली, दुपारची. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. कूस बदलता येत नव्हती, सूप घेऊन बसता येत नव्हतं. सतरंजीवर उपडी पडली आणि म्हणाली, "तेल न्हाय, गोळी न्हाय, पट्टा न्हाय. सरांनी पायाचं नाव घेतलं न्हवतं. लाव."

मी म्हटलं, आक्का, त्यानं काही होत नाही. आणि तुमच्यासारख्या मोठ्या बाईला मी पाय कसा लावू?

"मग मी कुनाकडं जाऊ, सांग."

काय सांगणार? थांबायला तर आम्हीच सांगितलं होतं. मला माझीच लाज वाटली. चप्पल काढली, आधी तिला वाकून नमस्कार केला आणि तिच्या कंबरेवर पाय ठेवला.

तोच दारात सर! बेळगावाहून न कळवता आलेले. माझा पाय होता तिथंच राहिला. अभ्यास गेला, पीएच.डी. गेली, सगळं संपलं, एवढंच डोक्यात. शेवंताक्का पडल्या पडल्याच म्हणाली, हिला काय बोलू नका, ही पायाळू आहे, मीच पाय लावायला सांगितलं.

सर बूट काढायला म्हणून खाली वाकले आणि अर्ध्यातच अडकले. खाली जाता येईना, वर येता येईना. एका हातानं चौकट धरलेली, दात आवळलेले, कपाळावर घाम. तसेच वाकलेले माझ्या पायाकडं बघत म्हणाले,

"आधी दार लाव."