अण्णांच्या आवाजासाठी सर्व्हर

आमच्या घरात ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढ्या वजनाचा एक पेनड्राईव्ह आहे.

मी वाटूरच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते अडाणीपणातून घडलं असं कुणाला वाटू नये. ते सगळं ज्ञानातून घडलं.

सुरुवात झाली ती घरच्या कॉम्प्युटरच्या पोटातून येणाऱ्या टकटकीने. हार्ड डिस्क टकटक करायला लागली की ती आपला निरोप घेते आहे, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवतो. आणि त्या डिस्कमध्ये आमच्या घराची एकच मौल्यवान गोष्ट होती: माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनीच्या लग्नाचा व्हिडिओ. लग्न कसं झालं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी व्हिडिओची गरज नव्हती. पण त्यात आमचे अण्णा बोलताना दिसतात.

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा आवाज असा होता की ते फाट्यावर बोलले की घरी माय चहा ठेवायची. शेतातून त्यांनी हाक मारली की आमच्याबरोबर शेजारची दोन घरंही ओ द्यायची. मायचं सगळं आयुष्य "हळू बोला की जरा" एवढं म्हणण्यात गेलं आणि अण्णांचं सगळं आयुष्य "मी हळूच बोलून राह्यलो" हे ओरडून सांगण्यात गेलं. असा माणूस, पण मोबाईलचा कॅमेरा समोर धरला की तोंड मिटून बसायचा. त्यामुळे त्यांचा आवाज फक्त त्या लग्नाच्या व्हिडिओत उरला होता. मूळ सीडी कधीचीच ज्वारीवरची पाखरं हाकलायला शेतात टांगली गेली होती. (टांगणारा मीच. "कॉम्प्युटरमधी हाये की," असं मी तेव्हा म्हणालो होतो.)

त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. आखाजीला अण्णांच्या नावाची घागर भरायची, आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्यांनी मिळून तो व्हिडिओ बघायचा, असं ठरलं होतं. सुनीने सासरहून फोन केला. "दादा, माह्या लेकरांनी आजोबाचा आवाज कधी ऐकलाच न्हाई. तेवढं तयार ठीव." मी म्हणालो, "बिलकुल काळजी करू नको." मी असं म्हणालो की घरात सगळ्यांना काळजी लागते.

"एक पेनड्राईव्ह आना आन त्याच्यात टाकून द्या," माझी बायको रेखा म्हणाली.

मी हसलो. मोठा डॉक्टर घरगुती काढ्याला हसतो तसा. एका पेनड्राईव्हवर अण्णांचा भरवसा ठेवायचा? तो हरवला तर? कपड्यांबरोबर धुतला गेला तर? मी महिनाभर इंटरनेटवर यावरचे व्हिडिओ बघत होतो आणि माझ्या डोक्यात एक भव्य योजना शिजली होती.

माझा साडू जालन्याला एका कंपनीत आहे. तिथे एक जुना सर्व्हर भंगारात चालला होता. सर्व्हर म्हणजे कंपन्या आपला सगळा हिशोब ज्यात ठेवतात ते मोठं कॉम्प्युटर. पोलादी, चपटं, खाटेसारखं लांब, आणि समोर आठ डिस्कचे आठ खण. मला त्याचा मेंदू नको होता, पोट हवं होतं. आतला मदरबोर्ड काढून टाकायचा, फक्त डिस्कचे खण, वीज आणि पंखे ठेवायचे आणि जाड केबलने ते सगळं घरच्या कॉम्प्युटरला जोडायचं. मग कॉम्प्युटरला वाटतं की या आठही डिस्क आपल्याच पोटात आहेत. अण्णा एकाच वेळी दोन डिस्कवर राहणार, एक गेली तरी दुसरीवर शाबूत. आठ खणांत आमच्या सात पिढ्यांची लग्नं मावली असती. आधीच्या पिढ्यांनी व्हिडिओ काढले नव्हते, हा त्यांचा दोष.

मी जालन्याला गेलो, साडूने सर्व्हर माझ्याबरोबर एसटीत चढवून दिला आणि स्वतः पळाला. कंडक्टर आला, त्याने माझ्याकडे बघितलं, शेजारच्या सीटवर आडव्या पडलेल्या सर्व्हरकडे बघितलं.

"मास्तर, ह्याचं तिकीट?"

"सामान हाये ते."

"झोपून चाललंय. सामान बसून जातं."

मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याने सर्व्हरवर टकटक करून बघितलं. "इन्व्हर्टर हाये का?"

"न्हाई बाबा, सर्व्हर हाये."

"काय करतं मंग हे?"

"काही करत न्हाई. ह्याच्यात साठवून ठेवायचं."

"मंग कोठी म्हना की," म्हातारा म्हणाला आणि निवांत झोपला. धान्याच्या पत्र्याच्या कोठीशी माझ्या तंत्रज्ञानाची तुलना झालेली मला आवडली नाही. पण घरी पोचल्यावर मायनेही दारातच विचारलं, "ही कोठी कामून आनली?" तेव्हापासून त्याचं नाव कोठीच पडलं.

मायने कोठीला हळद-कुंकू लावलं. मी पेचकस घेतला आणि बैठकीच्या खोलीत सतरंजीवर दोन दिवस ऑपरेशन केलं. रेखा पाहुण्यासारखी कडेकडेने स्वयंपाकघरात जायची. शेवटी मदरबोर्ड बाहेर आला, केबल जोडली, मदरबोर्डशिवाय वीज सुरू व्हावी म्हणून दोन वायरी एकमेकींना चिकटवल्या आणि बटण दाबलं.

त्यानंतर जे झालं त्याला आवाज म्हणणं कमीपणाचं होईल. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडत चैत्रातून थेट दिवाळीत गेली. टीपॉयवरचा पेपर उठून दाराबाहेर गेला. दाराबाहेरची मांजर त्याच्याही पुढे गेली. मी बटणाकडे धावलो, तेवढ्यात दारात शेजारची कडूबाई उभी. डोक्यावर ज्वारीचा डबा.

"मास्तर, गिरनी टाकली म्हनं? सांगतलं बी न्हाई. माझं दळन पयलं घ्या."

तिच्या मागे आणखी दोघी डबे घेऊन येताना दिसल्या. त्यांना समजावताना माझी अर्धी दुपार गेली. कडूबाई शेवटपर्यंत मानायला तयार नव्हती. "दळन होत न्हाई मंग एवढं फिरून काय राह्यलं?" असं विचारतच ती डबा उचलून गेली.

पंखे एवढे का फिरतात ते मला रात्री जेवताना उमगलं आणि घास हातातच राहिला. पंख्यांना "हळू चला" असं सांगण्याचं काम मदरबोर्ड करतो. तोच मी उपटून बाहेर ठेवला होता. घरातला कर्ता माणूस गावाला गेला की लेकरं जशी गच्चीवर उधळतात तसे ते सहाही पंखे उधळले होते. दोन पंखे काढून बघितले, तर चैत्रातल्या उन्हाने डिस्क अशा तापल्या की कॉम्प्युटरला त्या दिसेचनात. मी घाबरून पंखे परत लावले.

पण एक सांगतो, व्हिडिओ कोठीत गेला. पूर्ण गेला, दोन डिस्कवर गेला, आणि दुसऱ्याच दिवशी जुनी डिस्क शेवटचं टकटकून कायमची बंद पडली. मी घरभर नाचलो. "बघितलं का? मी नसतो तर अण्णा गेले असते," असं मी मायला म्हणालो. मायने अण्णांच्या फोटोकडे बोट दाखवलं.

आता जालन्याला जाऊन हळू फिरणारे पंखे आणायचे, लावायचे, की झालं. आखाजीला अजून वेळ होता. पण नेमकं अवकाळीचं आभाळ भरून आलं आणि मायच्या कुरडया गच्चीवरून खाली आल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर कोठी चालू होती. तिच्या मागच्या बाजूने जो गरम वारा निघतो, त्याच्यासमोर दोन खाटा, खाटांवर धोतरं आणि धोतरांवर कुरडया.

"माय, हे काय करून राह्यली?"

"वाळून राह्यल्या," माय खूश होती. "उन्हापरीस बराबर वाळतात. पाखरू न्हाई, धूळ न्हाई. तुझ्या शिक्षनाचा काही तरी उपेग झाला बाबा."

"मला ते बंद करायचंय. पंखे बदलायचेत."

"कुरडया वाळूस्तोर हात लावायचा न्हाई."

कुरडयांनंतर शेवया आल्या. शेवयांनंतर कडूबाईचे पापड आले. (दळण झालं नाही तरी ती काही तरी वसूल करणारच होती.) मी घरात शिरलो की शेवयांचे तुकडे उडत येऊन डोक्यात अडकायचे, वर्गात मुलं माझ्या डोक्याकडे बघायची. आणि अशा रीतीने आखाजी उजाडली, पंखे जुनेच राहिले.

सुनी लेकरांना घेऊन आली. घागर भरली, नैवेद्य झाला, अण्णांच्या फोटोला हार घातला. आमरस खाऊन सगळे कॉम्प्युटरसमोर बसले. मी उभा राहून छोटं भाषण केलं. माहिती कशी जपावी, एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट ठेवलेली धरायची नसते, वगैरे. मग बटण दाबलं.

कोठी गरजली. सुनीच्या लेकरांनी कानात बोटं घातली. पडद्यावर मंडप आला, वाजंत्रीवाले आले, आणि मग अण्णा आले. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, हातात वरणाची पळी. चित्र इतकं स्वच्छ की टोपीवरचा अक्षतेचा दाणा दिसत होता. अण्णांनी पळी वर केली, आचाऱ्याकडे बघितलं, तोंड उघडलं.

काहीच ऐकू आलं नाही.

मी स्पीकर वाढवला. आणखी वाढवला. कूलर बंद केला, घामाच्या धारा लागल्या. अण्णा ओठ हलवत होते आणि कोठी बोलत होती. रेखा मला काही तरी ओरडून सांगत होती, हाताने मोबाईल दाखवत होती. मोबाईलमध्ये घ्या आणि हे बंद करा, असं ती म्हणत होती, हे मला नंतर कळलं. सुनी उठली आणि स्पीकरला कान लावून बसली. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. ती एवढ्या लांबून एका आवाजासाठी आली होती आणि तो आवाज मीच जपला होता आणि मीच बुडवला होता.

तेवढ्यात माझ्या मागून कुणी तरी जोरात ओरडलं, "अरे, वरनात डाळ हाये का डाळीचा फोटो?"

मी दचकून मागे बघितलं. माय होती. आयुष्यभर "हळू बोला" म्हणणारी माझी माय कोठीच्या वर आवाज चढवून अण्णांचं बोलत होती. पडद्यावर अण्णांचे ओठ हलत होते आणि शब्द मायच्या तोंडून बाहेर पडत होते, अगदी त्याच ठेक्यात, त्याच फेकीत. "पाव्हने, जेवल्याबिगर कोनी जाऊ नका! न्हाई तर फाट्यावर येऊन एसटी आडवीन!" लेकरांनी कानातली बोटं काढली. सुनी हसायला लागली. मलाही पुढचं आठवलं, मीही ओरडलो, "अय बॅन्डवाल्या, दमला का? जेवला तव्हा न्हाई दमला!" मग सगळं घर अण्णांसारखं बोलायला लागलं, कोण कुणाचं चुकलेलं दुरुस्त करतंय याचा काही पत्ता नव्हता.

पडद्यावर पाठवणी आली. सुनी अण्णांच्या पाया पडायला वाकली आणि त्याच क्षणी लाईट गेली. कोठी घरघरत घरघरत थांबली. (व्हिडिओ शाबूत राहिला, हे इथेच सांगून टाकतो. त्याच संध्याकाळी रेखाने तो सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवून दिला, तिला जेमतेम चहा उकळेपर्यंतचा वेळ लागला.)

त्या शांततेत माय एकटीच बोलली. या वेळी हळू. "सुने, जल्दी निघ. ऊन होऊन राह्यलं."

सुनीचे डोळे भरून आले. "माय, त्या दिशी ऊन न्हवतंच. आभाळ आल्तं."

"मला ठावं हाये," माय म्हणाली. "त्यांना बी ठावं होतं. पर दुसरं काय म्हनावं, ते सुचलं न्हाई त्यांला."

मी चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले. सुनीने मायच्या मांडीवर डोकं ठेवलं, तिची लेकरं तिला चिकटून बसली. अण्णा इतके जवळ आल्याचं मी ते गेल्यापासून अनुभवलं नव्हतं.

मायने पदराने डोळे टिपले. मग तिने एकदा कोठीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि परत अण्णांचा आवाज काढला, असा की कडूबाई दारातून डोकावली.

"काय रे मास्तरा! जिता व्हतो तव्हा तुझ्या मायला चाळीस वर्सांत मला गप करता आलं न्हाई. तू एका मशिनीत करून दाखवलं!"

सगळे इतके हसले की लाईट आली आणि कोठी परत गरजायला लागली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून सुनीची लेकरं सुट्टीला आली की मोबाईलवरचा तो व्हिडिओ कुणी मागत नाही. ती आजीलाच धरतात, "आजी, अण्णांचं म्हन." आणि आजी प्रत्येक वेळी शेवट माझ्यावरच करते. वाटुरात अण्णांना गप्प बसवणं सरपंचाला जमलं नाही, तलाठ्याला जमलं नाही, मायलाही जमलं नाही. ते जमलेला मी एकटाच, आणि तेही त्यांचा आवाज जपायच्या नादात.