सौरव पोचेपर्यंत केर नाही

गुणाबाईंचा नेम साधा होता. घरचा माणूस गावाला गेला की त्याचा 'पोचलो' असा निरोप येईपर्यंत मागं केर काढायचा नाही. काढला तर माणूस पुन्हा घराकडं वळत नाही. गावी, नंदगडला असताना हे जड गेलं नाही. यजमान मारुतीराव तांदूळ घेऊन बेळगावच्या बाजाराला गेले, तर दुपारपर्यंत कुणीतरी सांगायचंच. मुलगा महादेव बंगळूरला नोकरीला गेला तेव्हा एक रात्र कळ काढली. पण नातू सौरव सॅन फ्रान्सिस्कोला राहायला गेला आणि नेमाची दमछाक झाली. बंगळूरहून चौदा हजार किलोमीटर, सतरा तास, मध्ये थांबा नाही.

"च्याला बी थांबत न्हाय?" त्यांनी विचारलं होतं. सगळे हसले. त्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

यंदा सुट्टी संपवून सौरव परत निघाला आणि नेमकी दुसऱ्या दिवशी चिकोडीची मंडळी नात सौम्याला बघायला येणार होती. काल बंगळूरहून त्याचा फोन आला. पण ते काही पोचणं नव्हे. त्यामुळं बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी फरशीवर कालच्या चिवड्याचे पोहे तसेच होते, आणि झाडू गुणाबाईंच्या पाठीमागं.

"आत्या, मंडळी निघाली म्हणं. द्या तो झाडू," सून पूर्णिमा म्हणाली. बँकेत चाळीस माणसांना धाकात ठेवणारी बाई, पण सासूपुढं आवाज रडवेला झाला होता.

इतक्यात सौम्याच्या मोबाईलवरच्या नकाशात समुद्रावरून सरकणारं सौरवचं छोटं विमान दिसेनासं झालं.

"समुद्रावर होतं असं, आज्जी. रेंज नसते."

एवढं मोठं इमान, दिसत न्हाय म्हणजे काय? गुणाबाईंनी रवळनाथाला हात जोडले. "पूर्णिमा, तुझंच लेकरू हाय की गं!"

पूर्णिमानं पुढं केलेला हात मागं घेतला. फडकं घेऊन ती टेबल पुसायला लागली, आणि पुसलेलंच पुन्हा पुसत राहिली.

नऊ वाजून गेल्यावर सौम्या ओरडली, "उतरलं! आज्जी, विमान उतरलं!"

"इमान पोचलं. त्यो पोचला का?"

चिकोडीच्या मंडळींनी वाटेतलं यमकनमर्डी सोडल्याचा फोन आला. मग आता बेळगावच्या वेशीवरची काकती आली असेल, असे तर्क करत पूर्णिमा दारात येरझारा घालू लागली. गुणाबाई हलल्या नाहीत. भीती त्यांनाही वाटत होती, पाहुण्यांची नव्हे.

शेवटी फोन वाजला. सौम्यानं तो त्यांच्या कानाला लावला.

"आज्जी, आलो बघ घरी," सौरव म्हणाला. "घरी आल्यावर किती बरं वाटतंय! तीन आठवडे नुसती इथली आठवण येत होती."

गुणाबाईंना आधी हायसं वाटलं. मग त्याचं बोलणं सावकाश आत उतरलं. तीन आठवडे तो इथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

"बरं झालं रं बाळा. जेव आता," त्या म्हणाल्या आणि फोन सौम्याला दिला.

पूर्णिमानं घाईनं झाडूकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे. मी काढतो केर," गुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सौरवच्या खोलीपासून सुरुवात केली.