तासलेली पट्टी

कारखान्यात त्यांना सगळे 'कानस' म्हणायचे. निवृत्त झाले आणि गल्लीचे कानसकाका झाले. तेहतीस वर्षं फिटर! न बसणारी वस्तू बसवणं हाच त्यांचा धर्म. बाथरूमचं दार, शेजाऱ्यांची खिडकी, स्वतःच्या चष्म्याची दांडी, सगळं त्यांनी तासून बसवलं होतं. चष्मा अजून थोडा तिरका बसतो, पण तो दोष ते नाकाचा मानतात.

काकूंचं मात्र वेगळंच चाललं होतं. गेली चार वर्षं त्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चौकटी रंगवून विणकामाचे नमुने तयार करत होत्या. एका लोकरीच्या कंपनीनं त्यातले चाळीस पुस्तिकेत छापायचं कबूल केलं. वर काकूंचं नाव! घरात आजवर छापील नाव एकच यायचं, लाइटच्या बिलावर, आणि तेही काकांचं. अट एवढीच, की शनिवारी चारच्या आत सगळं पाठवायचं. नाहीतर दुसऱ्या एका बाईंचे नमुने तयार होतेच.

शनिवारी सकाळी शेवटच्या नमुन्याला कॉम्प्युटर अडायला लागला. "फार रेंगाळतोय बाई," काकूंच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. पण व्हायचं ते झालं. काका स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर.

"अहो, हळू चालला तरी चालेल. हात लावू नका."

"अगं, रॅम कमी पडतेय त्याला! एक पट्टी वाढवली की पळेल बघ घोड्यासारखा."

पट्टी त्यांच्या खिशातच होती, एका मित्राच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेली. ती बसली झकास. बटण दाबलं, तर पडदा काळा आणि पेटीतून तीन शिट्ट्या. काकांनी पट्टीची सोनेरी कड खोडरबरानं घासली. तीन शिट्ट्या. जागा बदलून पाहिल्या. तीन शिट्ट्या! शेवटी जुनी पट्टी एकटीच लावली, तर बिचारा निमूट सुरू झाला.

"झालं ना? लावा आता झाकण," काकू म्हणाल्या.

दुसरा कुणी असता तर तिथेच हात जोडून उठला असता. पण काकांच्या हातून एकही काम 'बसत नाही' म्हणून परत गेलं नव्हतं. त्यांनी व्हर्नियर काढला, जुन्या पट्टीची लांबी मोजली, एकशे तेहतीस पूर्णांक पस्तीस मिलिमीटर, आणि चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरचं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

"काका, लांबी सगळ्यांची तेवढीच असते," दुकानदार म्हणाला. "पट्टी कुठल्या पिढीची, ते सांगा. लेबल वाचून या."

"मला शिकवू नका हो. मापाची द्या."

दिली बापड्यानं. घरी आल्यावर पाहतात तर खाच सहा-सात मिलिमीटर बाजूला.

"खाच चुकीच्या जागी पाडलीये लेकाच्यांनी!" काका म्हणाले आणि कानस काढली. पाऊण तास तासत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, पण कानसेपुढे कोण ऐकतो? पट्टी खट्‌कन बसली. काका खुशीत आले. बटण दाबलं.

या वेळी शिट्टी नाही. नुसता जळका वास. मग जुनी पट्टी लावूनही ढिम्म.

अडीच वाजले होते. "चार वर्षं, अहो," एवढंच म्हणून काकू रडायला लागल्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, सगळ्या वायरी उपटल्या आणि पेटी उचलून थेट दुकान गाठलं. काका मागून, हात रिकामे.

दुकानदारानं आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. "नमुने इथे सुखरूप आहेत, काकू. जळलंय ते बाकीचं." मग त्यानं ती पट्टी उजेडात धरली. "ही कुणी तासली? काम सफाईचं आहे हो!"

पडलो तरी नाक वर! काका हसणारच होते, पण काकूंकडे लक्ष गेलं आणि त्यांनी तोंड मिटलं. काकूंनी तिथेच स्टुलावर बसून शेवटचा नमुना पुरा केला, पहिल्या पानावर दोन ओळी वाढवल्या आणि चारला पाच मिनिटं असताना सगळं पाठवून दिलं.

दोन महिन्यांनी पुस्तिका आली. वर काकूंचं नाव, चांगलं ठसठशीत. काकांनी शेजारच्या चार घरांत दाखवून आणली. मग खुर्चीत बसून, चष्मा सरळ करत पहिलं पान उघडलं. वर लिहिलं होतं: 'लोकर आणि सुई जुळत नसतील तर जबरदस्ती करू नये. आधी लेबल वाचावं.'

काकांनी ते दोनदा वाचलं. कान तापले त्यांचे.

"हे कुणासाठी लिहिलंस गं?"

"नवशिक्यांसाठी," काकू टाके मोजता मोजता म्हणाल्या.

तेहतीस वर्षांत हा शब्द कानसकाकांना कुणी लावला नव्हता.