गिझरचे बटन

दिनांक १२ जानेवारी २०२५, सकाळी सात. पवनारच्या आमच्या घरामागील खोली आम्ही प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने देतो. आधीच्या पाहुण्यांनी तक्रारी केल्या होत्या. आज उतरलेल्या पाहुण्यानेही केली तर खोली बंद, असे पत्नीने बजावले होते.

हा अकोल्याचा जाडजूड गृहस्थ पंचा गुंडाळून, नखशिखांत साबण लावलेल्या अवस्थेत आमच्या स्वयंपाकघरात उभा राहिला. प्रत्येक वाक्याआधी तो डोळ्यांवरचा फेस बोटाने निपटून फरशीवर झटकत असे. त्याचे नाव मला आठवत नाही, फेस आठवतो.

"काकाजी, आंघोळ मी तिकडं करून राह्यलो, अन् गिझरचं बटन इकडं काऊन?"

"विजेचा अपव्यय टळतो," मी म्हणालो.

"अन् पाहुणा थिजून राह्यला त्याचं काय? आज संध्याकाळी तुमीच तिथं आंघोळ करा. शब्द देत असाल, तं तक्रार नाई करत मी."

सल्ला उद्धट होता, परंतु मी शब्द दिला.

सायंकाळी त्या न्हाणीघरात मी साबण लावला आणि कुडकुडत पत्नीस बटन दाबण्यासाठी हाक मारली.

"पाहुणे, आधी आधार कार्ड दाखवा!" स्वयंपाकघरातून उत्तर आले.

गार पाण्यानेच अंग धुऊन मी वायरमनला फोन केला.