आधी नाक, मग पोट

सकाळी मोबाईल उघडला की त्यात बंदुका येऊन पडलेल्या असतात. कुठल्यातरी सिनेमाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा आणि खाली प्रश्न, "साहेब, ही कोणती?" साहेब मी कधीच नव्हतो. नांदेडला पोलिसांच्या शस्त्रागारात बत्तीस वर्षं हत्यारं पुसली, दुरुस्त केली, कपाटात लावली. निवृत्त झाल्यावर एका ग्रुपवर कुणीतरी असंच विचारलं, मी सांगून बसलो, आणि तेव्हापासून हा ताप मागे लागला. जळकोटचे एक मास्तर, मुखेड डेपोचा कंडक्टर, कंधारचा हार्डवेअरवाला, सगळ्यांना सिनेमातल्या बंदुकीची जात माझ्याकडूनच हवी असते. नाही म्हणवत नाही आणि सांगायचाही आता कंटाळा आलाय.

तसं ओळखायला अवघड काही नसतं. आमचे उस्ताद म्हणायचे, आधी नाक बघ, मग पोट. जुन्या थ्री नॉट थ्रीचं नाक चपटं; नळी पुढच्या लोखंडी टोपीबाहेर येतच नाही. तिच्या नंतरच्या बहिणीची नळी थोडी बाहेर डोकावते. मग पोट, म्हणजे खालची गोळ्यांची पेटी, मॅगझिन. थ्री नॉट थ्रीचं पोट तिरकं उतरतं. नाक चपटं आणि पोट मात्र चौकोनी दिसलं, तर ती सेव्हन सिक्स टूची रायफल, आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी बनलेली. सिनेमावाले इथंच माती खातात. शिपाई दाखवणार निजामाच्या काळातला आणि हातात देणार चौकोनी पोटाची! दुरून दोन्ही सारख्याच, भाड्यानं जी मिळाली ती दिली, बघणाऱ्याला काय कळतंय, असा सगळा हिशेब. रबराची असली तर माणसाच्या पळण्यावरूनच कळते. चार किलोचं धूड खांद्यावर घेऊन कुणी असं उड्या मारत जात नाही, माझ्या उजव्या खांद्याला विचारा.

या विद्येनं माझा संसार मात्र थोडा नासवला. बायको लातूरची. माहेरी किराण्याचं दुकान, आणि दुपारी दुकान झोपलं की ही आणि तिच्या बहिणी टॉकीजला. लग्नानंतरचा पहिला सिनेमा आम्ही तिच्या माहेरीच पाहिला, सासुरवाडीची सगळी माणसं बरोबर. दरोडेखोरांचा होता. नायकाच्या बापाला दोन गोळ्या लागल्या, टॉकीजभर हुंदके सुरू झाले, आणि मी मोठ्यानं ओरडलो, "अरे, बोल्ट न ओढता दुसरी झाडलीच कशी यानं?" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. सासरे छताकडे बघत बसले. ही मात्र ओल्या डोळ्यांनी, तोंडाला पदर लावून हसत होती.

सुरुवातीला तिला कौतुक होतं. शेजारणींना सांगायची, आमच्या ह्यांना बंदुकीचं सगळं कळतं. पुढं कौतुक ओसरलं. "अवो, जरा मरू तर द्या त्याला, मग बोला," म्हणायला लागली. त्याच्याही पुढं ती माझी ड्यूटी बघून सिनेमे बघायला लागली. मी घरात शिरलो की टीव्ही बंद. मला ते कळत होतं आणि, खरं सांगतो, बरंच वाटत होतं. दिवसभर तेलात हात घालून आलेल्या माणसाला घरात शांतता हवी असते.

दोन वर्षांमागं तिनं चहा कपाच्या शेजारी ओतला. आधी आम्ही दोघंही हसलो. मग कळलं की साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्लेत. माहेरच्यांच्या ओळखीचे डॉक्टर लातूरला, म्हणून दर महिन्याला एसटीनं नांदेड-लातूर, डोळ्यात इंजेक्शन, आणि पट्टी बांधून परत. गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवू, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तिला आता कडेचं धुरकट दिसतं, मधोमध काळा डाग. म्हणजे माणसाकडे बघितलं की नेमका चेहराच जातो.

सिनेमा सुटला नाही. दुपारी देवाला विभूती लावून, जेवणं उरकून ती टीव्हीसमोर बसते आणि मी शेजारी. आता मला टाळून तिचं भागणार नव्हतं. पहिल्याच दिवशी इंटरनेटवरचा, निजामाच्या काळातला सिनेमा लावला. गोळीचा आवाज आला.

"काय झालं? कोण पडलं?" तिनं विचारलं.

"चौकोनी पोटाची हाय. साफ चूक," मी म्हणालो.

"अवो, मी माणसाचं विचारून राहिले."

"शिपाई पडला एक."

"त्याची माय रडून राहिली का गप हाय?"

मी बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं सिनेमे बघितले आणि एकही चेहरा धड पाहिला नाही, हे मला त्या दुपारी कळलं. लाज वाटली. मागं नेऊन पुन्हा लावलं. माय रडत नव्हती. मेलेल्या लेकाच्या पायातून निसटलेली वहाण ती त्याच्या पायात घालत होती आणि ती जात नव्हती. मी ते सांगितलं तशी ही ढसाढसा रडली. आणि मीही पहिल्यांदाच तिला मनासारखं रडू दिलं.

मग मी मनाशी ठरवलं की बंदुकीकडे बघायचंच नाही. नजर सवयीनं नाकाकडे जायची, ती ओढून माणसाच्या तोंडाकडे आणायची. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेत, डोळे भरलेत पण पाणी पडलेलं नाही, असं सांगत राहायचं. चेहरे फार भराभर बदलतात. दोन तास चेहरे बघून मी जितका थकायचो तितका दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी अख्खं शस्त्रागार चकचकीत करून थकलो नव्हतो. ग्रुपवर उत्तरं देणं बंद केलं. मास्तरांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. बरी आहे म्हणून कळवलं.

ही मात्र दिवसेंदिवस गप होत गेली. सिनेमात रमली असेल, असं मी धरून चाललो. गेल्या महिन्यात लातूरहून परतताना एसटीतही खिडकीला डोकं टेकून बसली होती. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याबद्दलही फार आशा दाखवली नव्हती. मला वाटलं, तेच मनात असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा निजामाच्याच काळातला सिनेमा. एक हवालदार आपल्याच भावावर नेम धरून उभा होता. "जबडा घट्ट हाय. डावा डोळा मिटलाय. घाम आलाय कानाजवळ," मी सांगत होतो.

"अन् बंदूक?" तिनं विचारलं.

"बघितली न्हाई."

"का?"

"तुला आवडत न्हाई म्हणून. जन्मभर त्यापायी तुझे सिनेमे नासवले मी."

पडद्यावर गोळी सुटली, कुणीतरी पडलं, दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

"रडणं-बिडणं मला आवाजावरून कळतं थोडं," ती म्हणाली. "तुमी हे वाचून दाखवल्यावाणी बोलून राहिलात ना, तवा वाटतं, शेजारी दुसरंच कुणी बसलंय. लई भ्या वाटतं मला. सगळं दिसणं गेल्यावर बी असंच परकं वाटंल का, म्हणून भ्या वाटतं. बंदुकीवर चिडलात की कळतं, माझंच माणूस हाय."

सिनेमा मागं घेतला, चित्र थांबवलं, चष्मा पुसला. नाक चपटं. पोट चौकोनी.

"चूक हाय," मी म्हणालो. हळूच, पुटपुटल्यासारखं.

"असं न्हाई," ती माझा हात चाचपत म्हणाली. "त्या दिवशी टॉकीजमधी वरडला होतात, तसं."

मी ओरडलो. शेजारच्या घराची खिडकी उघडली, आणि ही तोंडाला पदर लावून हसायला लागली.