उल्काच्या उड्या

रबाळ्याची ती बाटल्यांची फॅक्टरी बंद पडली तेव्हा पॅकिंगमधल्या बायकांना वाटलं, दोन-चार महिन्यांत भोंगा पुन्हा वाजेल. भोंगा काही वाजला नाही. वर्षभरानं फाटकातून ट्रक आत शिरले, जनरेटर आला, आणि ज्या शेडमध्ये क्रांतीनं लग्नानंतरची सगळी वर्षं बाटल्यांना बुचं लावली होती, तिथं थर्माकोलचा एक भलामोठा ग्रह उभा राहिला.

मालिकेचं नाव 'उल्का'. दहावीतली एक मुलगी, तिच्या अंगात आकाशातून पडलेल्या दगडाची शक्ती शिरते. मग केशरी पोशाख नि मुखवटा चढवून ती या छपरावरून त्या छपरावर झेपा घेते आणि रसायनं चोरणाऱ्या टोळीच्या मागे लागते. चॅनेलनं सव्वीस भाग मंजूर केले होते. तेव्हा केबल नुकतीच गल्लोगल्ली पोचली होती, आणि रविवारी सकाळी दिघ्यापासून बोनकोड्यापर्यंत पोरं टीव्हीसमोरून हलत नसत.

क्रांतीला तिथं काम मिळालं ते झाडू मारायचं आणि चहा द्यायचं. फॅक्टरीचे जुने वॉचमन हौसेराव यांनी शब्द टाकला होता. चौतिशीची, बुटकी, काटक बाई. नवरा अश्विन शेजारच्याच कंपनीत भट्टीवर होता. मालकानं माणसं कमी केल्यापासून दोघांचं काम तो एकटा ओढायचा. घरी आला की जेवता जेवता त्याचे डोळे मिटायचे.

तिसऱ्या भागाच्या वेळी उल्काच्या उड्या मारणारा डुप्लिकेट मनगट मोडून बसला. फाइट मास्टर ज्योतिबा कोल्हापूरकडचे. ते कमरेवर हात ठेवून सेटभर नजर फिरवत होते. उल्काचं काम करणारी राजलक्ष्मी पंधरा वर्षांची, वाशीत राहणारी. तिच्या उंचीचं माणूस त्यांना हवं होतं. क्रांती चहाचे ग्लास गोळा करत होती.

"मी मारू?" ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिची तीच दचकली.

"तुला काय येतं?"

"खो-खो खेळायचे. जिल्ह्याकडून. खांबावर सूर मारायचे."

मास्तरांनी पाण्याच्या टाकीचा कठडा दाखवला, खाली रचलेले पुठ्ठ्याचे खोके दाखवले, त्यांवरच्या गाद्या दाखवल्या. क्रांतीनं पदर खोचला आणि उडी मारली.

"आयला," मास्तर म्हणाले, "बाई हायस का मांजर?"

त्या दिवसापासून उल्काच्या उड्या क्रांतीच्या झाल्या. एकच अट होती. बाहेर कुणाला सांगायचं नाही. पोरांना वाटलं पाहिजे की उल्का खरंच झेपावते. तिनं फक्त अश्विनला सांगितलं. तो म्हणाला, "सांभाळून," आणि कुशीवर वळला.

पहिले काही आठवडे तिला पाय हलके वाटायचे. मग ते संपलं. पहाटे उठून नळावर रांग लावायची, सासूसाठी भाकऱ्या थापून ठेवायच्या, आणि सूर्य चढायच्या आत रेक्झिनच्या पोशाखात शिरायचं. तो पोशाख ऑक्टोबरच्या उन्हात तव्यासारखा तापायचा. एकच उडी कधी कॅमेऱ्यासाठी, कधी उजेडासाठी, कधी मागून कुणी चालत गेलं म्हणून पुन्हा पुन्हा मारावी लागे. कोपर सोललं, ते सुकायच्या आत पुन्हा सोललं. डावा गुडघा बसताना कुरकुरायला लागला. राजलक्ष्मी तिच्यासाठी बर्फ घेऊन यायची. तीही दमलेली असायची. शाळा करून ती सेटवर येत असे आणि मेकअपच्या खुर्चीतच भूमितीचं पुस्तक छातीवर ठेवून झोपून जात असे. दोघी एकाच पोशाखाच्या दोन जोड्या घालून पंख्याखाली गप्प बसायच्या.

"ताई, तुम्हांला भीती नाही वाटत?" एकदा तिनं विचारलं.

"वाटायला वेळ कुठंय, राजी," क्रांती म्हणाली.

रविवारी शेजारच्या यशोदाबाईंच्या घरी रंगीत टीव्हीसमोर गल्ली लोटायची. यशोदाबाई साताऱ्याकडच्या, नवरा मार्केटात माथाडी. क्रांती दारात बसून भाजी निवडायची. पडद्यावर तिचीच पाठ एका छपरावरून दुसऱ्यावर जायची आणि पोरं किंचाळायची. तिला अभिमानबिभिमान काही वाटत नसे. त्या उडीला कोपर कसं घासलं होतं तेवढं आठवायचं. यशोदाबाईंची नऊ वर्षांची सुनयना मात्र श्वास धरून बघायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. क्रांती संध्याकाळी कामावरून आली तर गल्लीत बायका घोळक्यानं उभ्या. सुनयनानं आईची केशरी ओढणी पाठीला बांधली होती आणि सार्वजनिक संडासाच्या स्लॅबवरून उडी मारली होती. खाली वाळूचा ढीग होता, तो हुकला. पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये घालून तिला नुकतंच घरी आणलं होतं.

सासू गिरजाबाई दारातच होत्या. "जाऊन ये माय," त्या म्हणाल्या, "लेकरू लई रडलं."

सुनयना भिंतीला टेकून बसली होती. क्रांतीला बघून म्हणाली, "माझंच चुकलं, काकू. उल्का डोळे उघडे ठेवते. मी मिटले."

क्रांती तिच्याजवळ खाली बसली. गुडघा दुखला, पण बसली.

"सुनू, उल्का उडत नाही. खाली गाद्या असतात. पुठ्ठ्याचे खोके असतात, माणसाच्या छातीएवढे. ते टीव्हीत दिसत नाहीत. आणि ती उडी उल्का मारतच नाही. मी मारते."

"क्रांते, पोरीला ताप हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "आत्ता थट्टा नको."

सुनयनानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? तू तर नळावर भांडतेस."

क्रांतीनं बाही वर सरकवली. कोपर जुन्या-नव्या खपल्यांनी भरलं होतं. मग तिनं साडी जरा वर घेऊन सुजलेला गुडघा दाखवला. सुनयना बराच वेळ बघत राहिली आणि मग रडायला लागली. पाय मोडला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

यशोदाबाईंचा आवाज एकदम खाली गेला. "म्हंजी तुला ठावं हुतं. हितं दारात बसून बघत हुतीस, आमची पोरं कशी खुळी झाल्यात ते. आन् बोलली न्हाईस?"

"बोलायचं नाही असं त्यांनी..." क्रांतीनं वाक्य अर्धवटच सोडलं. तिला स्वतःचाच आवाज नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं दिग्दर्शकांना गाठलं. मालिकेत एकदा तरी गाद्या दाखवा, म्हणाली. ते कागद चाळत होते. "क्रांतीबाई, मग सस्पेन्स काय राहिला? पोरांकडे आईबापांनी बघायचं. आपण काय करणार?"

ती परत आली. पोशाख चढवला, उड्या मारल्या. घर चालायचं होतं. पण आता उडी मारताना खाली खोके दिसायच्या आधी तिला तो स्लॅब दिसायचा, आणि झेप घ्यायला क्षणभर उशीर व्हायचा. मास्तरांच्या ते ध्यानात आलं. "असं थबकशील तर मरशील," ते म्हणाले.

शेवटच्या भागात चिमणीला लागून असलेल्या लोखंडी जिन्यावरून उडी होती, सगळ्यांत उंच. ऊन उतरत चाललं होतं. क्रांती जिन्यावर चढली, खाली बघितलं आणि पायरीवर बसली.

"क्या हुआ?" खालून दिग्दर्शक ओरडले.

"मी दमले," ती म्हणाली. ओरडून नाही, पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. "आधी गाद्या दाखवा. मग मारते."

कुणी समजावलं, कुणी चिडलं. कुणी दुसरी बाई आणू म्हणालं. पण उजेड थांबणार नव्हता, आणि चॅनेलला भाग द्यायचा होता. तेवढ्यात राजलक्ष्मीनं मुखवटा काढून खुर्चीवर ठेवला.

"माझा पण राहिलेला शॉट नाही होणार," ती म्हणाली. "मी बोलते कॅमेऱ्यासमोर. ताईंना शेजारी उभं करा."

दिग्दर्शकांनी घड्याळ बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि कॅमेरामनला हात केला. राजलक्ष्मी खोक्यांपुढे उभी राहून बोलली, की मी कधीच उडी मारली नाही, या क्रांतीताई मारतात, खाली हे असतं, तुम्ही मारू नका. क्रांतीनं मुखवटा काढला. तिनं फक्त गादी हातानं दाबून दाखवली. मग ती वर चढली आणि उडी मारली. उडी एका टेकमध्ये झाली. गुडघा त्यातच गेला. मास्तरांनी तिला उचलून बाहेर आणलं.

शेवटचा भाग लागला त्या रविवारी यशोदाबाईंनी स्वतः बोलावणं पाठवलं. क्रांती लंगडत गेली. सुनयनाचं प्लास्टर निघालं होतं. भाग संपला आणि राजलक्ष्मी दिसली. बोलली. खोके दिसले, गाद्या दिसल्या, गादी दाबणारा एक हात दिसला. क्रांतीचं नाव कापलं होतं, चेहराही कापला होता.

गिरजाबाईंनी सुनेकडे वळून विचारलं, "त्यो हात तुझाच ना गं?"

"हो, आत्या."

"चेहरा का न्हाई दावला?"

"जाऊ दे. खोके दिसले ना."

यशोदाबाई उठल्या, आतून चहा आणला आणि पहिला कप तिच्या हातात दिला.

पुढची मालिका गोरेगावला, मोठ्या स्टुडिओत झाली. ज्योतिबा मास्तरांनी निरोप धाडला होता, पण गुडघ्यानं नाही म्हटलं, आणि खरं तर तिनंही. रबाळ्यालाच एका डब्यांच्या कारखान्यात तिला पुन्हा पॅकिंगचं काम लागलं, बसून करायचं. गल्लीतली पोरं अजून उल्का खेळत. मात्र आधी घराघरांतून गोधड्या ओढून आणत आणि मग ओट्यावरून उडी मारत. आया मातीनं भरलेल्या गोधड्या झटकत क्रांतीच्या नावानं ओरडत. क्रांती आतूनच "हो, हो" म्हणायची, आणि सुट्टीच्या दुपारी दाराकडे पाठ करून गाढ झोपायची.